कोरडगव्हाणचा चढ

जर्मनची लढाई चालू होती त्या सालातली ही गोष्ट. अंमल निजामाचा, आणि झरीच्या पंचक्रोशीत मोटार म्हणावी अशी चीज एकच, आबासाहेबांची लहान लारी. हैदराबादेत कुण्या नवाबाच्या बागेला माती वाहून वाहून म्हातारी झाली आणि मग झरीला आली. पुढं बसायला एक सलग बाक, मागं फळ्यांचा उघडा हौदा. ती चालवायचा भुजंग. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दाद द्यायची नाही.

इंजिन तसं दमदार होतं. पण त्याचा जोर चाकापर्यंत पोचेस्तोवर वाटेतच मुरायचा. क्लच घसरायचा, चढाला इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी. दुसरा गिअर टाकला की आपोआप सुटायचा, म्हणून भुजंग गुडघ्यानं दांडा दाबून धरी. आणि गाडी चालताना पायाखालच्या फळीतून ठोका यायचा. टक्... टक्... इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यात ढिलाई आलीय, हे भुजंगला ठाऊक होतं. सवडीनं बघू, असं म्हणत त्यानं पुष्कळ दिवस घालवले होते.

चैत्र सरत आला होता. आबासाहेबांची थोरली सून अनसूया बाळंतपणात अडली. पोर पोटात आडवं आलं होतं. गावच्या सुइणीनं हात टेकले, तेव्हा आबासाहेबांनी भुजंगला चारठाण्याला पिटाळलं. तिथली चतुराबाई आडवं पोर बाहेरून हात लावून फिरवते, असं सगळीकडं बोललं जाई.

"तिला घेऊनच ये," आबासाहेब एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज भुजंगनं असा कधी ऐकला नव्हता.

चतुराबाई अंगानं काटकुळी, बोलायला कमी. तिनं विचारलं, "कळा कवाधरनं यायल्यात?"

"काल दिवेलागणीपासनं, मावशी."

"चल मग. लय येळ झालाय."

गाठोडं मांडीवर घेऊन ती बाकावर बसली. परतताना भुजंगनं सडक सोडली आणि कोरडगव्हाणातून जाणारी गाडीवाट धरली. ती जवळची होती.

कोरडगव्हाण हे बेचिराग गाव. सरकारी दफ्तरात नाव होतं, पण दिवा लावायला माणूस नव्हतं. एका पटकीच्या साथीत निम्मं गाव मेलं, उरलेलं उठून गेलं. माळवदं बसली, भिंती तेवढ्या राहिल्या. गाव खोलगट जागी वसलेलं. दोन्ही अंगांना चढ. उतरणीवरून लारी आत शिरली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. भिंतींना सावली नव्हती. एक होला कुठंतरी घुमत होता, तोही गप झाला.

पलीकडचा चढ लागला. भुजंगनं गिअर बदलला, दांड्याला गुडघा लावला. लारी अर्ध्या चढापर्यंत नीट गेली आणि दांडा त्याच्या गुडघ्याला मागं सारून सुटला. तो नेहमी सुटायचा तसा नाही. कुणी मूठ आवळून ओढावा, तसा. लारी मागं घरंगळत आली आणि गावच्या मधोमध, एका घरासमोर थांबली.

"होतं असं," भुजंग म्हणाला. "जुनी गाडी हाय."

पुन्हा चढ. आता पहिला गिअर. इंजिन ओरडलं, चाकं जागची हलेनात. जळक्या क्लचचा उग्र वास फळ्यांतून वर आला. ब्रेकवर पाय रोवूनही लारी मागं मागं सरकत त्याच घरासमोर आली. भुजंगनं उतरून क्लचची तार ताणली, चाकांखालची माती चाचपली. माती कोरडी ठणठणीत होती.

त्याला एक जुनी युक्ती ठाऊक होती. पुढं चढत नसेल तर गाडी वळवायची आणि उलट्या गिअरनं चढवायची. त्या गिअरला जोर जास्त. त्यानं लारी चढाच्या पायथ्याशी नेऊन वळवली, पाठ चढाकडं केली, उलटा गिअर टाकला आणि मान मागं वळवून क्लच सोडला.

लारी पुढं निघाली.

त्यानं दांड्याकडं बघितलं. दांडा उलट्या गिअरातच होता. आणि लारी हळूहळू, बैलानं ओळखीच्या गोठ्याकडं जावं तशी, त्या घरासमोर जाऊन उभी राहिली. इंजिन बंद पडलं.

घराला छप्पर नव्हतं. लाकडी चौकट मात्र शाबूत होती, आणि उंबऱ्याला तेल पाजल्यासारखी चमक होती.

"मावशी, शाफ्ट बघावा लागंल," भुजंग म्हणाला. "उगं बसून ऱ्हावा. उतरू नका."

चाकांना धोंडे लावून तो लारीखाली सरपटत गेला. पाठीखालची माती भाजत होती. बोल्ट काढून त्यानं शाफ्ट उतरवला, छातीवर घेतला, सांधा हलवून बघितला. सांधा घट्ट होता. काल बसवल्यासारखा. त्यात तसूभर ढिलाई नव्हती.

आणि तेवढ्यात ठोका आला. टक्...

इंजिन बंद होतं. शाफ्ट छातीवर होता. लारीत वाजायला काही उरलंच नव्हतं.

टक्... टक्...

"मावशी," तो हळू म्हणाला, "तुमी फळी वाजवायलाव का?"

"न्हाई रे."

"मग..."

"गप. ऐकू दे."

दोघंही ऐकत राहिले. ठोका यायचा, थांबायचा. पुन्हा यायचा, आधीपेक्षा लवकर आणि जोरानं. वरून चतुराबाईचा आवाज आला, अगदी शांत.

"हा तुझ्या गाडीचा आवाज न्हाई, भुजंगा. जन्म गेला माझा हा आवाज ऐकन्यात. कळ आली की बाई भिंतीवर मूठ मारती... ती घाईला आलीय."

"मावशी, तिथं कुनी न्हाई. गाव बेचिराग हाय."

"मग मला अडवलं कुनी?"

बाकाची फळी करकरली. लारीखालून भुजंगला तिची पावलं जमिनीवर टेकलेली दिसली.

"अनसूयाबाई तिकडं वाट बघायल्यात," तो विनवत म्हणाला. "त्यांचं काय?"

"तिच्याकडं जायची वाट हितूनच सुटंल," ती म्हणाली.

तिला अडवायला म्हणून तो बाहेर सरकू लागला, आणि सरकता येईना. लारी खाली बसली होती. कधी बसली कळलंच नाही, पण मघाशी हात उचलता येत होता तिथं आता गिअरची पेटी त्याच्या नाकासमोर आली होती. शाफ्ट छातीवर दाबला गेला होता. मान तेवढी वळत होती. त्यानं ओरडायचा प्रयत्न केला. छाती फुगेना, आवाज निघेना.

चाकाच्या फटीतून त्याला चतुराबाईची पावलं दिसत होती. ती उंबऱ्याशी थांबली. क्षणभर बाजूला सरली, वाट द्यावी तशी. मग आत गेली.

आणि वास बदलला. जळक्या क्लचचा वास हळूहळू विरला आणि त्या जागी ओवा-शेपाच्या धुरीचा वास आला. शेगडीवर तापलेल्या तेलाचा. मग रक्ताचा. भुजंगच्या घरी लेकरं झाली होती. बाळंतिणीच्या खोलीचा वास त्याला ओळखू येत होता. छप्पर नसलेल्या घरातून तो येत होता, रखरखत्या उन्हात. ठोके आता एकामागून एक पडत होते, आणि प्रत्येक ठोक्याला वरची पेटी थोडी खाली येत होती. त्याच्या कपाळाला लोखंड टेकलं. पेटीतलं काळं तेल थेंबथेंब गालावर गळू लागलं. भुजंगनं डोळे मिटले.

मग ठोके थांबले.

तो पोराच्या रडण्याची वाट बघत राहिला. बाई सुटली की पोर रडतं. कुणी रडलं नाही. फक्त पाण्याचा आवाज आला, तांब्यातून हातावर ओतल्यासारखा, सावकाश.

"नीघ भाईर," चतुराबाई म्हणाली.

वरचं लोखंड दूर होतं. जागा पहिल्यासारखी मोकळी. भुजंग बाहेर आला तेव्हा ती बाकावर बसली होती, पदराला ओले हात पुसत. त्या गावातली विहीर तर धोंड्यांनी बुजलेली होती.

"शाफ्ट लावतो," तो कसाबसा म्हणाला.

"नगं लावू. हाक गाडी."

"मावशी, शाफ्टाबिगर चाक फिरत न्हाई."

"हाक म्हनते ना."

त्यानं शाफ्ट मागच्या हौद्यात टाकला. हँडल मारलं. इंजिन चालू झालं. वळवून चढाला लावली तर लारी लोण्यातून सुरी जावी तशी वर चढली. ना क्लच घसरला, ना गिअर सुटला. मागं हौद्यात शाफ्ट इकडून तिकडं गडगडत होता, आणि झरी येईपर्यंत भुजंगनं एकदाही मागं बघितलं नाही.

अनसूया सुटली. चतुराबाईनं पोर फिरवलं, दिवस मावळायच्या आत मुलगा झाला, बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. आबासाहेबांनी गावात गूळ वाटला. आणि वाड्याच्या फाटकात उभी राहिलेली लारी तिथून हलेना. गड्यांनी ढकलत ती वाड्यामागच्या शेडमधी नेली.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं चतुराबाईला परसात एकटी गाठलं.

"आत काय झालं, मावशी?"

"पोरगी झाली. हिच्या पोरावानीच आडवी होती. सरळ केली."

"कुनाची? कोन हुती ती?"

"सुईण नाव-गाव इचारत न्हाई." ती आपली बोटं चोळू लागली. "लय थंड हुती रे बाई. नाळ कापताना माझी बोटं बधिर झाली. जाताना माझा हात सोडीना. म्हनली, पाचवीला या."

"तुमी काय म्हनलाव?"

"येते म्हनले. काय म्हननार? हात सुटायचा हुता."

पाचवीला सटवाई पुजतात, सुइणीला मान देतात. बोलावणं आलं की सुईण जाते. ही रीत भुजंगलाही ठाऊक होती. त्यानं विचार केला, गाडीच नसली तर म्हातारी इतकं लांब चालत कशी जाईल? त्यानं आबासाहेबांना सांगितलं, गिअर पार गेलेत, गाडी खोलावी लागेल. खोटं बोलताना त्याला काही वाटलं नाही. त्यानं लारी ओंडक्यांवर चढवली, चाकं काढली, गिअरची पेटी उतरवून कोपऱ्यात ठेवली, शाफ्ट घरी नेऊन धान्याच्या कणगीमागं लपवला. झोप आली तरी तो शेडमधीच पडून राही.

पाचवीचा दिवस आला. वाड्यात सटवाईची पूजा मांडली होती, बायकांची ये-जा चालली होती. दिवेलागणीच्या सुमाराला चतुराबाई शेडच्या दारात आली. अंगावर आबासाहेबांनी दिलेलं नवं लुगडं, काखेत गाठोडं.

"चल भुजंगा."

"मावशी, गाडी खोललीय. बघा की. चाकंसुदिक न्हाईत."

"दिसायलंय मला." तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "मी तिला तेच सांगितलं. तू गाडी खोलून बसलास, मला यायला जमत न्हाई म्हनलं."

"कुनाला सांगितलं?"

चतुराबाई ओंडक्यावर पाय देऊन वर चढली आणि बाकावर बसली. मग अंग चोरून पार दाराच्या कडेला सरकली. भुजंगच्या आणि तिच्या जागेच्या मधी एका माणसाची जागा मोकळी राहिली. त्या जागेवरची गादी, त्याच्या डोळ्यांदेखत, हळूच खाली दबली.

चतुराबाईनं पदराचं टोक मधल्या जागेवर पांघरलं, वारा लागू नये म्हणून पांघरतात तसं.

"बस," ती म्हणाली. "आन् हळू हाक... ओली बाळंतीन हाय."