यादीबाहेरचा एक

"बाजूला व्हा! ओ हेल्मेटवाले... बाजूला!"

आवाज आभाळातून आला. पौर्णिमाने वर पाहिलं, म्हणजे अशा वेळी जे करायचं नसतं नेमकं तेच केलं. मग तिने मागे उडी मारली, आणि ती उभी होती तिथे दहा-बारा हात लांब झावळी धप्पकन येऊन पडली.

माडाच्या शेंड्याला एक तरुण बिलगून बसला होता. पायांत काथ्याच्या दोरीचं वेटोळं, कमरेला कोयता आणि चेहऱ्यावर घाबरलेलं हसू.

"लागलं नाही ना?"

"लागलं असतं तं सांगाले मी राह्यली असती काय?"

बाईमाणसाचा आवाज त्याला अपेक्षित नव्हता.

"कुठल्या गो तुम्ही?"

"वर्धा जिल्हा. कारंजा घाडगे. तुमी खाली या पह्यले, मंग बाकीचं सांगते."

तो सरसर खाली आला. तीन वर्षं विजेच्या खांबावर चढणाऱ्या पौर्णिमाने कुणाच्या चढण्या-उतरण्याकडे असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. बेल्ट नाही, शिडी नाही, नुसती दोरी आणि पाय... आपण बघतोय हे लक्षात आल्यावर ती घाईघाईने हातातल्या कागदाकडे बघू लागली. कागद उलटा होता.

खारवेली हे समुद्राकाठचं गाव. पाच दिवसांपूर्वी मे महिन्यातलं चक्रीवादळ त्यावरून गेलं आणि जाताना चौऱ्याऐंशी विजेचे खांब आडवे करून गेलं. वीज कंपनीने जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं मागवली. कारंज्याहून दहा जण दोन दिवस ट्रकमधून हाडं खिळखिळी करत आले, त्यात पौर्णिमा एकटी मुलगी. निघताना तिच्या वडिलांनी, नत्थूजींनी, तिच्या खिशात एक कांदा ठेवला होता आणि हायवेवरच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगून टाकलं होतं, "माही पोरगी समुद्रावर पोल उभे कराले गेली!"

आणि इथे पोहोचल्यावर तिथल्या साहेबांनी तिच्याकडे एक नजर टाकून म्हटलं, "मॅडमना परमिटचं काम द्या. सावलीत बसू दे त्यांना."

झालं! नऊ जण खांबावर आणि पौर्णिमा खाली. रोज संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा, "आज किती पोल चढली, बाई?" आणि ती म्हणायची, "दोन, बाबा." एवढं खोटं बोलून झालं की तिला जेवण जायचं नाही.

माडावरच्या तरुणाचं नाव जितेश. नारळ पाडणं हा त्याचा धंदा, पण वादळाने गावातले निम्मे माड उपटल्यावर पाडायला नारळच कुठे उरले होते? तो तारांवर पडलेल्या झावळ्या, फांद्या तोडून लाइन मोकळी करून द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कंपनीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तरी रोज सकाळी यायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून येताना स्टीलच्या बरणीत कोकम सरबत आणू लागला.

"सगळ्यांसाठी हाये काय?" पौर्णिमाने विचारलं.

"सगळ्यांसाठीच आहे. पण पहिला पेला तुम्ही घ्या."

"काऊन?"

"तुम्ही सगळ्यात जास्त लाल झालाय."

"आमच्या कारंज्याले सेहेचाळीस डिगरी राह्यते, समजलं? लाल व्हाले मी काही मुंबईची नाई."

"मग हे काय?"

"आमच्याकडं घाम येते, वाळून जाते. इथं येते तं जायचं नावच घेत नाई... तुमच्यासारखा."

जितेश इतका हसला की बरणी हिंदकळली. गावातल्या पाच जणांनी तोवर तिला एकच विनोद ऐकवला होता... अंधारात गाव, आणि आली पौर्णिमा! तिला त्या विनोदाचा वीट आला होता. जितेशने तिचं नाव ऐकलं, मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "चांगलं आहे." त्या वेळेपासून तो तिला थोडा जास्तच बरा वाटू लागला होता, हे तिने अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

"खिशात काय आहे तुमच्या? फुगलाय केवढा."

"कांदा."

"कांदा? शिदोरी घेऊन फिरता?"

"कांदा जवळ असला का ऊन लागत नाई. बाबानं देल्ला हाये."

"खरंच लागत नाही?"

"मले आजपर्यंत लागलं नाई. हसू नका... म्हंटलं हसू नका!"

चौथ्या दिवशी त्याने तो प्रश्न विचारला, जो कुणी विचारू नये असं तिला वाटत होतं.

"तुम्ही वर का नाही चढत? त्या निकेशपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. खालून सारख्या त्यालाच सांगत असता."

निकेश तिचाच कारंज्याचा सहकारी. पौर्णिमाने वाळूत बुटाचं टोक घासलं. मग म्हणाली, "मले कागद सांभाळाले ठेवलं हाये."

"कसला कागद?"

"परमिट. याच्यावर माही सही हाये. हे माह्यापाशी हाये तवर तारेत करंट येत नाई. सारे खाली उतरले, कोणी वर नाई, असं मी सांगतलं आन् हे परत केलं, का उपकेंद्रातून लाइन सुरू करतात. दुसरं कोणी परत करू शकत नाई. सायब बी नाई."

जितेश खांबांवरच्या नऊ जणांकडे बघत राहिला. वाऱ्याने पौर्णिमाचा दुपट्टा उडत होता.

"म्हणजे या सगळ्यांचा जीव तुमच्या खिशात आहे," तो हळूच म्हणाला. "कांद्याच्या बाजूला."

सावलीतलं काम म्हणून मिळालेला तो कागद त्या दिवशी तिने पहिल्यांदा नीट घडी घालून, वरचं बटण लावून ठेवला. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि ऊन तर कधीच कललं होतं.

सातव्या दिवशी दुपारी चारला शेवटची तार ओढून झाली. गाव बारा दिवस अंधारात होतं. पाण्याचे पंप बंद, मासळी ठेवायला बर्फ नाही, लेकुरवाळ्या बायका रात्ररात्र पंखा हलवत बसलेल्या. सगळं गाव शाळेसमोर जमलं. साहेब घड्याळ बघत होते.

पौर्णिमाने मोजायला सुरुवात केली. आपले दहा. तिथले चार. हेल्मेटं चौदा, माणसं चौदा.

"झालं ना? द्या परमिट परत," साहेब म्हणाले.

तिने तोंड उघडलं... आणि मिटलं. सरबताची बरणी शाळेच्या पायरीवर होती. बरणीवाला नव्हता.

"जितेश कुठं हाये?"

"कोण?"

"झावळ्या तोडते तो."

"अहो, तो गावातला माणूस. घरी गेला असेल. यादीत चौदा आहेत, चौदा मोजलेत. द्या."

"त्याले पाह्यलं नाई मी."

तिने फोन लावला. पायरीवर, बरणीच्या मागे ठेवलेला त्याचा फोन वाजू लागला.

"मॅडम, बारा दिवस झालेत," साहेबांचा आवाज चढला. "वरून फोनवर फोन येतायत. यादीबाहेरच्या एका माणसासाठी सगळं गाव थांबवणार तुम्ही? लेखी खुलासा द्यावा लागेल!"

"देईन. पण मानूस दिसल्याबिगर परमिट देत नाई."

गर्दीत कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, कसली बाई पाठवली आहे! अण्णाजी, म्हणजे कारंज्याच्या तुकडीतले सगळ्यांत जुने लाइनमन, निवृत्तीला आलेले, पुढे आले. ते तिला समजावतील असं साहेबांना वाटलं. अण्णाजी तिच्या बाजूला जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले, एवढंच.

"जाय, पाहून ये," ते म्हणाले. "आमी हाओत इथं."

ती लाइनीखालून धावत सुटली. खिशावर हात घट्ट दाबलेला. एक खांब, दोन खांब, पाच... किनाऱ्याकडच्या वळणावर वाळूत तिला निळ्या चपलांचा जोड दिसला. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला. देवळाबाहेर काढावा तसा.

तिने वर पाहिलं.

अर्धवट मोडलेला माड लाइनीवर झुकला होता. त्याच्या शेंड्यातून एक भली मोठी झावळी नव्या तारेवर लोंबत होती, आणि जितेश ती सोडवत होता... एका हातात झावळी आणि दुसऱ्या हाताने तार बाजूला ढकलत.

मागोमाग धावत आलेले लोक जागच्या जागी थांबले. साहेबांनी हेल्मेट काढलं.

"खाली या," पौर्णिमा म्हणाली. "आरामात... आरामात या."

झावळी पडली. तो उतरला. पाय वाळूला लागले तेव्हा ती त्याच्यावर तुटून पडली. "अक्कल हाये काय तुमाले? सांगून जाता येत नाई? तारेले हात लावला! मी आता परमिट देल्लं असतं म्हंजे?"

"तुमच्या हातात होतं ना ते," जितेश म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "म्हणून तर गेलो."

तिला रडू कोसळलं आणि त्याच वेळी छाती भरून आली. तीन वर्षांच्या नोकरीत तिच्या कामाची एवढी मोठी पावती कुणी दिली नव्हती. तिने डोळे पुसले, पुन्हा सगळे मोजले, "पंधरा," मोठ्याने म्हणाली आणि मगच उपकेंद्राला फोन लावला. दोन मिनिटांनी खारवेलीत दिवे लागले. शिट्ट्या, आरोळ्या... साहेबांनी खुलाशाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक निघाला. जितेश बरणी घेऊन हजर.

"एक विचारू? यादीत माझं नाव नव्हतं. मग मला का मोजलंत?"

पौर्णिमाला उत्तर येत होतं. जिभेवर होतं. पण ट्रकमधून निकेश खोकत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता... तिने खिशातला कांदा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि ट्रकमध्ये चढली.

रस्त्यात वडिलांचा फोन आला. "किती पोल झाले, बाई?"

"बाबा... मी खोटं बोलली. एकबी पोल चढली नाई मी. सातही दिवस खाली उभी होती." आणि मग तिने सगळं सांगितलं, निळ्या चपलांपर्यंत.

पलीकडे बराच वेळ ट्रकच्या चाकात हवा भरल्याचा आवाज येत राहिला.

"चढणारे लय असतात," शेवटी नत्थूजी म्हणाले. "त्या पोराचा नंबर पाठवजो. जेवाले बोलावतो त्याले."

बापाने शब्द पाळला. जूनच्या पहिल्या आठवड्यात जितेश रेल्वेने पुलगावला उतरला आणि दोन एसट्या बदलून कारंज्याला पोहोचला. पौर्णिमाला हे कुणी कळवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी वावटळीने हायवेकडेचे तीन खांब पाडले होते, आणि ती सकाळपासून कामावर होती. नत्थूजींनी पाहुण्याला मोटारसायकलवर बसवलं आणि थेट तिथे नेलं.

पौर्णिमा खांबाच्या टोकावर, बेल्ट लावून, शेवटचा क्लॅम्प आवळत होती. खाली ढाब्याजवळ अण्णाजी परमिट घेऊन उभे होते. खारवेलीहून आल्यापासून त्यांनी एक नवीन शिस्त लावली होती... यादी खिशात, आणि मोजायची ती समोरची माणसं. बोट नाचवत त्यांनी सुरुवात केली.

"आपले पाच. नत्थूजी धरून सहा." बोट थबकलं. चेहरा त्यांनी लगेच ओळखला होता, पण मिश्यांतल्या मिश्यांत हसत त्यांनी विचारलं. "हा सातवा कोन हाये, नत्थूजी? खिशात कांदा घेऊन उभा हाये तो?"

पौर्णिमाने खाली पाहिलं.

उन्हाने लालबुंद झालेला, दोन दिवसांच्या प्रवासाने चुरगळलेला, शर्टाचा खिसा फुगलेला. तो मान वर करून तिच्याकडे बघत होता. खारवेलीत ती पाहायची तसाच.

पाहुणा म्हणता आलं असतं. ओळखीचा म्हणता आलं असतं. ढाब्यावरचे लोक ताटावरून उठून बाहेर आले होते, हायवेवर दोन ट्रक थांबले होते, आणि खाली खुद्द बाप उभा होता. पौर्णिमाने एका हाताने खांब धरला आणि सगळ्या कारंज्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मोजा त्याले, अण्णाजी! तो माहा हाये!"

ढाब्यावर कुणीतरी शिट्टी मारली. जितेशच्या प्रश्नाचं उत्तर यायला अठरा दिवस लागले होते, पण आलं ते असं चारचौघांत, उंचावरून आलं.

नत्थूजींनी आधी लेकीकडे पाहिलं, मग पोराकडे. मग टोपी काढून घाम पुसला, म्हणजे निदान घामच पुसल्यासारखं केलं.

"मंग आता यादीतच घ्या त्याचं नाव," ते अण्णाजींना म्हणाले.

तिकडून उपकेंद्राचा फोन वाजत होता. "थांबा," अण्णाजींनी फोनवर ठणकावलं, "आमची पोरगी अजून वर हाये."

पौर्णिमा उतरू लागली. खाली जितेश दोन्ही हात वर करून उभा होता... जणू खांबावरून उतरणाऱ्याला असं धरता येतं! शेवटच्या दोन हात उंचीवर मात्र तिने त्याचा हात धरला. धरायची गरज नव्हती, तरी धरला.

"सात मानसं," अण्णाजी फोनवर म्हणाले. "सातही जन खाली. करा सुरू."