डाव्या तोंडाचा शंख

जिन्याच्या वळणावर खालून कुणीतरी धावत आलं आणि तिच्या हातातला ट्रे तिरका झाला.

"सॉरी, सॉरी! दगड वाचले ना?" त्यानं दोन्ही हातांनी ट्रे खालून सावरून धरला होता.

"दगडांचं काय घेऊन बसलात! ते कोट्यवधी वर्षं टिकलेत. माझ्या चिठ्ठ्या उडाल्या, त्यांचं बघा!"

चिठ्ठ्या खरंच पायऱ्यापायऱ्यांवर पसरल्या होत्या. संग्रहालयात चिठ्ठी गेली की जीवाश्माचा नुसता दगड होतो. तो मुकाट्यानं वेचायला लागला. डाव्या हातानं उचलायचा, उजव्या तळव्यावर रचायचा. मध्येच त्यानं वर पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण रागवायचं विसरलोय.

"तुम्ही कोण?"

"तळघरातला फोटोवाला. इथले दगड बरेच ओळखीचे झालेत. माणसांत तुम्ही पहिल्याच."

तिला सगळी इमारत 'शिंपली' म्हणायची. डायनोसॉरांच्या काळातले शंखशिंपले ओळखून, ज्याच्या त्याच्या कुळात लावणं हे तिचं काम. त्या संध्याकाळी दोघं तिच्या खोलीत चिठ्ठ्या जुळवत बसले. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि टेबलावर ट्रेमधले अमोनाइट नावाचे जीवाश्म, दोराच्या वेटोळ्यासारखे सपाट गुंडाळलेले.

"ही शिवण बघा," तिनं भिंग त्याच्याकडे सरकवलं. "पानाच्या कडेसारखी नक्षी आहे ना? नक्षीवरून कूळ कळतं."

"माणसांचं असं काही जमतं का?"

"जमतं की. जिन्यावरून धावणारे सगळे एका खणात."

"आणि धक्का खाऊनही चहा पाजणाऱ्या?"

"चहा कुणी पाजलाय?"

"तेच म्हणतोय... अजून कुणी पाजला नाही."

तिला हसू आलं. मग चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशीही झाला. पुढे पुढे तर फोटोवाल्याला रोजच काहीतरी विचारायचं असायचं. बाहेर पाऊस असला तर प्रश्न लांबायचे.

एके दिवशी तिनं त्याला आपला लेख दाखवला. संग्रहालयाच्या वार्षिक अंकात यायचा होता, सोमवारी छापायला जायचा होता. लेखात एका शंखाचा फोटो होता, मध्यजीव महाकल्पातल्या, म्हणजे त्याच डायनोसॉरांच्या काळातल्या, एका समुद्री गोगलगायीचा.

"टोक वर धरलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं," ती म्हणाली. "याचं बघा. डावीकडे! या कुळात असा एकही नाही. म्हणून नवीन जात. नाव आईचं देतेय. आई गेली त्याला आता वर्ष होईल."

तो फोटोकडे बघतच राहिला.

"मूळ दगड पाहिलात तुम्ही?"

"कसा पाहणार? दुसऱ्या संग्रहालयाकडून थोड्या दिवसांसाठी आला होता. नेमकं तेव्हाच बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मी परत आले तोवर दगड गेला होता. तुमच्या फोटोवरच सगळं केलंय. तुमचे आभारही मानलेत, शेवटी बघा..."

"मी... जरा जाऊन येतो," असं म्हणून तो जो गेला, तो चहालाही आला नाही.

दोन दिवस तो तिला टाळत होता. समोर दिसला की वळायचा. तिनं मनाशी ताडलं, गड्याला काहीतरी सांगायचंय आणि धीर होत नाहीये. चहाच्या वेळी ती तरीही दोन कप मांडून ठेवत होती.

शुक्रवारी सुटल्यावर पाऊस भुरभुरत होता. तो फाटकापाशी छत्री धरून उभा होता. ती छत्रीत शिरली.

"तुम्हाला एक कबुली द्यायचीय," तो म्हणाला.

"द्या की." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तो शंख... उजवाच आहे."

"काय?"

"तुमच्याकडचा नियम आहे ना, जीवाश्माच्या फोटोत उजेड डावीकडून, वरून यायला हवा? मी डावखुरा. दिवा उजवीकडे लावायची सवय. मग फोटो आरशासारखा उलटा करून छापायचो. अमोनाइटांचं काही बिघडत नव्हतं, ते दोन्ही बाजूंनी सारखेच. शंखाचं... माझ्या डोक्यातच आलं नाही. परवा जाऊन मूळ फोटो काढून बघितला, तर तोंड उजवीकडे. आणि मग दोन दिवस तोंड लपवत फिरलो."

छत्रीवर पाऊस वाजत राहिला. तिचा चेहरा लाल झाला, लेखाच्या रागानं की मघाच्या आशेनं, तिचं तिलाच कळेना.

"आईचं नाव दिलं होतं मी त्याला," एवढंच ती म्हणाली आणि भिजत चालू लागली.

घरी बाबा काळा चष्मा लावून खिडकीत बसले होते. तिनं पर्स आपटली.

"भांडं आपट, त्याचा आवाज चांगला येतो," बाबा म्हणाले. "तुझी आई तेच करायची. काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. बाबा खिडकीतून तिच्याकडे वळले.

"तो न सांगता राहिला असता तर तुला कळलं असतं?"

"इतक्यात नसतं कळलं. पण पुढे कुणीतरी मूळ दगड बघितला असता आणि माझं हसं झालं असतं."

"आणि आईच्या नावाचंही. तुझ्या आईला खोटं कौतुक खपायचं नाही. तुझ्या लग्नात... म्हणजे आमच्या लग्नात, फोटोवाल्यानं तिचा रंग उजळ करून दिला, तर तिनं सगळे फोटो परत पाठवले. म्हणाली, ही बाई कोण?" बाबांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. "आता तेच तेवढे नाहीत घरात. तरी बरंच केलं तिनं."

ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की छातीवरचं ओझं उतरलंय. तो शंख तिला झोपू देत नव्हता. अंगावरच्या रेघा, गाठी, टोकाची ठेवण, सगळं त्या जुन्या उजव्या कुळाशी जुळायचं, एक तोंड सोडलं तर. कितीदा तिनं लेख बंद करून पुन्हा उघडला होता. तिचं मन आधीपासूनच सांगत होतं, काहीतरी चुकतंय. ती एकदम हसायलाच लागली.

"काय गं?"

"घरचाच निघाला हो बाबा! उगाच परका ठरवत होते त्याला."

"कोण, शंख की फोटोवाला?"

"बाबा!"

सोमवारी सकाळी तिनं लेख परत घेतला. अंकाचं काम बघणाऱ्या मोठ्या बाई रागावतील म्हणून ती हात घट्ट मिटून उभी होती. बाईंनी चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला. "अगं, महिनाभर मीही तोच फोटो बघतेय. उजेडाचा नियम पाळलाय एवढंच बघितलं. छापलं असतं म्हणजे दोघींची शोभा! जा, चहा घे. आणि त्या पोराला म्हणावं, दिवा डावीकडे हलव."

ती ट्रे घेऊन जिना उतरायला लागली. वळणावर तो उभा होता, या वेळी अगदी भिंतीला चिकटून.

"धावत नाहीये मी," तो घाईघाईनं म्हणाला. "राजीनामा देऊ का?"

"दिवा हलवा म्हणाल्यात बाई. राजीनाम्याचं काही बोलल्या नाहीत." तिनं ट्रेची एक बाजू त्याच्यापुढे केली. "धर."

त्यानं धरली. मग थबकला. "धर... म्हणालात?"

"म्हणाले. तू शुक्रवारी एक कबुली अर्धीच ठेवलीस."

"सगळी तर सांगितली! दिवा, आरसा..."

"मी छत्रीत शिरले ना, तेव्हा मला वाटलं होतं, तू वेगळीच देणार आहेस."

ट्रे हलला. दोन चिठ्ठ्या उडून पायरीवर पडल्या, पण या वेळी कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"ती?" तो हळूच म्हणाला. "ती होतीच गं. पण आधी त्या फोटोच्या चुकीची दिली नसती, तर ही देताना तुझ्याकडे बघवलं नसतं."

"आता बघवतंय ना? मग दे."

त्यानं ट्रेमधला एक अमोनाइट डाव्या हातानं उचलला, तिच्यासमोर धरला, आणि सावकाश उलटा केला.

"माझी कबुली अशी आहे," तो म्हणाला. "इकडून बघ, तिकडून बघ... तीच."