लाइन तोड, विसर्जन नाही

कर्स्टी, मोबाइल खिशात घाल आणि ते दार लोटून घे, बाहेरचा गारठा आत येतोय. चहा ओतून घेतलात ना सगळ्यांनी? मग ऐका. मधे कुणी खोकलात तर बाहेर काढीन, आधीच सांगून ठेवतो.

ही हकीकत वॉटी इमरीची. आपल्या सामानखोलीतली फडताळं ज्यानं केली, तोच सुतार. पलटणीत तीस वर्षं काढली, सार्जंट म्हणून बाहेर पडला. खोटं वाटलं तर त्याच्या वर्कशॉपात जाऊन विचारा. तो सांगणार नाही, पण 'असं झालंच नाही' असंही म्हणणार नाही. मला त्यानं एकदाच सांगितली, आणि तीही पिऊन नव्हे, चांगला शुद्धीत असताना.

मागल्या साली नोव्हेंबरात बॅलनेथी गावातला आपल्या पलटणीचा जुना हॉल विकला गेला. एकोणीस तारखेचा मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या बिल्डरला द्यायच्या होत्या. सगळं सामान इकडं शहरात आलं होतं. मोठ्या लढायांतल्या मेलेल्यांच्या नावांचे फळे आले, झेंडा आला, चहाचं पातेलंसुद्धा आलं. राहिली होती फक्त स्ट्रुअन गेडिसच्या नावाची पितळी पाटी. ती काढायची आणि त्याच्या आईला नेऊन द्यायची, एवढंच काम. स्क्रू गंजलेले, म्हणून वॉटीला सांगितलं. वॉटी 'हो' म्हणाला आणि आठवडाभर टाळत राहिला. शेवटची रात्र आली तेव्हा पान्हे-पेचकस उचलून निघाला.

का टाळत होता? तेच तर मूळ आहे.

आपली ग्लेनारी खोऱ्याची पलटण म्हणजे मुळात शेतकऱ्यांची. फ्रेंच येणार म्हणून आवई उठली तेव्हा आपापला घोडा घेऊन उभी राहिलेली. एकोणीसशे पंधरा साली, पहिल्या महायुद्धात, तिला दूरच्या वाळूच्या किनाऱ्यावर, गॅलिपोलीला धाडलं, आणि हुकूम काय, तर घोडे इथंच ठेवा, पायी लढा. घोड्यावर जन्म काढलेली माणसं ती. घोडे सोडले, पण टाचेचे काटे, घोड्याला टोचायचे ते, कुणी काढले नाहीत. निघताना सार्जंट मेजरनं त्यांना हॉलमध्ये उभं केलं. 'विसर्जन' म्हणायला त्याची जीभ रेटेना. 'लाइन तोड' एवढंच म्हणाला. लाइन तोड म्हणजे जरा बाजूला व्हा, परेड चालू आहे, परत यायचंय. विसर्जन म्हणजे संपलं, घरी जा. निघणाऱ्यानं 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, तसंच ते.

तेव्हापासून रिवाजच पडला. पुढं रणगाडे आले, रणगाडे गेले, पलटणीची तुकडी झाली. उरलो आपण मंगळवारी संध्याकाळी जमणारे. कुणी पोस्टमन, कुणी नर्स, कुणी सुतार. पूर आला की म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढायचं, साथ आली की तंबू ठोकायचे, आणि लांब कुठं लढाई पेटली की एकेकट्यानं परक्या पलटणीत जाऊन उभं राहायचं. जाणाऱ्याला हॉलमध्ये एकट्याला उभं करून लाइन तोड. तो परत आला की त्याच फरशीवर विसर्जन.

स्ट्रुअन गेडिस पावाची गाडी चालवायचा. बावीस वर्षांचा, हसऱ्या तोंडाचा. दोन हजार नऊच्या सप्टेंबरात हेल्मंडच्या लढाईला निघाला. त्याला हुकूम द्यायचं काम वॉटीकडं. त्या दिवशी वॉटीच्या बायकोचा वाढदिवस, घरी पाहुणे, वॉटीचा एक डोळा घड्याळाकडं. रोजच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं...

'विसर्जन!'

स्ट्रुअनच हसला. म्हणाला, "काय सार्जंट, मला कायमचाच घरी धाडलात की!" सगळे हसले. वॉटीही हसला. शब्द मागे घेता येतो का? आला नाही.

एक्केचाळीस दिवसांनी तार... तार कसली, आता दोन माणसं येतात दारात. ती आयना गेडिसच्या, त्याच्या आईच्या, दारात आली.

वॉटीला कुणी काही बोललं नाही. पण आपल्या मनाला कोण आवरणार? दोन वर्षांनी तो स्वतः नाव देऊन तिकडं गेला, धड परत आला, तेही त्याला डाचत राहिलं. बाजारात आयना दिसली की हा रस्ता ओलांडायचा. पंधरा वर्षं. मला म्हणाला होता, "पोराला मीच मारलं रे. एका शब्दानं मारलं."

तर त्या रात्री पावणेदहाला वॉटी हॉलमध्ये शिरला. वीज तोडलेली. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. शिडी लावली, बॅटरी दातात धरली, आणि स्क्रू फिरवायला लागला. पहिला आला. दुसरा आला. तिसरा कुरकुरला.

मागं काहीतरी किणकिणलं.

त्याला वाटलं, किल्ल्या पडल्या. खिसा चाचपला. किल्ल्या खिशातच.

परत किणकिण. आता दोन ठिकाणी. मग पाच. मग... मोजता येईना. आणि घोड्याच्या घामाचा वास. जुन्या खोगिराचा. त्या हॉलमध्ये शंभर वर्षांत घोडा आला नव्हता.

वॉटीनं मागं पाहिलं नाही. शिडी घट्ट धरली.

बूट वाजायला लागले. घाई नाही, गडबड नाही. एकामागून एक माणूस येऊन उभा राहत होता. हाताच्या अंतरावर. रांग लागत होती.

मग सगळं थांबलं.

शांत...

ही शांतता वॉटीच्या ओळखीची. हुकुमाची वाट बघणारी. तीस वर्षांची सवय, पोरांनो. भीतीपेक्षा सवय मोठी. तो शिडीवरून उतरला, वळला आणि ओरडला, "सावधान!"

सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. फरशी हादरली.

तीन रांगा होत्या. पुढच्या रांगेत टाचेचे काटे. चेहरे धड दिसत नव्हते, पण ठेवण दिसत होती. मिल्न घराण्याचं नाक, रेनी घराण्याचे खांदे. आजही बाजारात दिसतात तेच. वॉटी रांगेसमोरून चालत गेला. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांची नजर समोर.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक जागा रिकामी होती.



"गेडिस?"

काही नाही.

"ट्रूपर गेडिस... हजर?"

काहीच नाही. पावसाचा आवाज.

"स्ट्रुअन... बाळा..."

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सगळे लाइन तोडवाले. परेड संपलेली नाही, म्हणून हे आलेत. स्ट्रुअनची परेड मात्र त्यानं स्वतः संपवली होती. ज्याला विसर्जन दिलं, त्याला रांगेत जागा कुठली? मेल्यावरसुद्धा आपल्या माणसांत उभं राहता येऊ नये, अशी व्यवस्था आपण करून ठेवली!

वॉटी तिथंच मटकन बसला. तोंड झाकून रडला. केव्हातरी डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा होता. पाटी हातात होती. चौथा स्क्रू त्यानं कधी काढला, त्याला आजही आठवत नाही.

सव्वादहाला त्यानं आयना गेडिसचं दार वाजवलं. आता टाळण्यात काय राम होता?

चौऱ्याहत्तरीची बाई ती. दारात उभी राहून तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अगंबाई! वॉटी इमरी! रस्ता चुकलास की काय? तुला तर पलीकडची बाजू आवडते."

"गेडिसबाई, मला काही सांगायचंय."

"आधी आत ये. भिजून लगदा झालायस."

स्वयंपाकघरात शेगडीजवळ त्याला बसवलं. टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं, बटाटे आणि मटणाचं कालवण. वॉटीनं पाटी टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. तो शब्द, हॉलमधल्या रांगा, ती रिकामी जागा. "त्याला तिथंही जागा नाही हो. माझ्यामुळं. शिव्या द्या, काय करायचं ते करा."

आयना कितीतरी वेळ पाटीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "त्यानं तिकडून पत्र लिहिलं होतं मला. लिहिलं होतं, आई, वॉटीनं चुकून मला विसर्जन दिलं. म्हणजे मी सुटलो. आता काही का होईना, मी कुठं थांबायचा नाही. सरळ घरी."

वॉटीनं मान वर केली.

"अरे खुळ्या, पंधरा वर्षं तू रस्ता ओलांडून पळत होतास. सांगू कुणाला, विजेच्या खांबाला?"

घड्याळात साडेदहा झाले.

दाराची कडी वाजली.

आयनानं ओठांवर बोट ठेवलं.

दार उघडलं नाही. वारा आला नाही. पण समोरची खुर्ची... किंचित मागं सरकली.

"आलास?" आयना म्हणाली. अगदी रोजच्या आवाजात. "हात धू. वॉटी आलाय बघ."

वॉटी मला म्हणाला, "भीती नाही वाटली रे. लाज वाटली. तो घरी होता. आणि ते बाकीचे..."

ते बाकीचे. एकशे नऊ वर्षं उभे. कुणीतरी 'जा' म्हणेल म्हणून. आणि सकाळी किल्ल्या बिल्डरला जायच्या होत्या.

वॉटी उठला. त्या खुर्चीकडं बघून त्यानं सलाम केला आणि पावसात पळत सुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. हॉल उघडला. आत मिट्ट काळोख. बॅटरी आयनाकडंच राहिली होती.

तो मधोमध उभा राहिला.

किणकिण नाही. वास नाही. काही नाही.

तरी तो म्हणाला. ज्या शब्दानं पंधरा वर्षं त्याला रस्ता ओलांडायला लावला होता, तोच. मोठ्यानं नाही. पोराला झोपवताना बोलतात, तसा.

"परेड... विसर्जन."

कुणी टाच वाजवली नाही. कुणी गेल्यासारखंही वाटलं नाही. वॉटीनं कुलूप लावलं आणि तो घरी गेला.

आता यापुढचं मी स्वतः बघितलं आहे. ते वॉटीचं नाही, माझं.

बुधवारी सकाळी ग्लेनारीभर चिखल आणि वितळता बर्फ. आणि सतरा घरांच्या उंबऱ्यावर वाळू. कोरडी, पिवळट, बारीक. आपल्याकडं तसली वाळू समुद्रालाही नाही. जिथं जुनीच घराणी राहत होती तिथं बायकांनी ती झाडलीच नाही, नुसत्या बघत उभ्या राहिल्या. एका शेतघरात आता एडिनबराचा दाताचा डॉक्टर सुट्टीला येतो. त्यानं गावातल्या पोरांच्या नावानं शंख केला आणि झाडूनं सगळी गटारात लोटली.

दुपारी मी मेंढ्या बघायला वर हिलहेडला गेलो. तिथल्या घराचे दोघे भाऊ पंधरा साली गॅलिपोलीला गेले होते. मागं कुणी उरलं नाही. घर केव्हाच पडलं, दगड लोकांनी कुंपणाला नेले. दार नाही, भिंत नाही, गवतात एक उंबऱ्याचा दगड तेवढा राहिलाय.

त्या दगडावर वाळू होती. दोन मुठी. शेजारी शेजारी.