घोडा कोणत्या बाजूला गेला

भर बाजारात एका परक्या पुरुषाला "तुमची शिट्टी चुकली" असं तोंडावर सांगणारी मुलगी अख्ख्या वर्ध्यात एकच निघाली असेल. ती म्हणजे आपली जयवंता. वय बावीस, पेशानं मास्तरीण, आणि राहायला बोरगाव मेघेला विमलामावशीच्या घरी. एकोणऐंशी सालच्या थंडीत ती मावशीचा मुका झालेला रेडिओ पोटाशी धरून दुरुस्तीच्या दुकानात उभी होती. बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची ही रांग लागलेली, आणि उडालेला कापूस दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलेला.

दुकानदार खाली मान घालून एका ट्रान्झिस्टरच्या पोटात सळईनं डाग देत होता आणि शीळ घालत होता. ती शीळ ऐकली मात्र, जयवंताच्या अंगावर सरसरून काटा आला. बारा वर्षांपूर्वी, दहा वर्षांची असताना, ही धून तिनं एकदाच ऐकली होती. ऐकली ती कायमची डोक्यात बसली होती.

"अशी नाई..." ती बोलून गेली.

त्यानं मान वर केली. कानावर पेन्सिल, डोळे हसरे. "काय नाई?"

"ती शिट्टी. तिसऱ्यांदा ती वर जाते. तुम्ही खालीच ठेवली."

"हो का? मंग वाजवून दाखवा."

"मी?" जयवंता कानापर्यंत लाल झाली. "पोरीच्या जातीनं रस्त्यावर शिट्टी वाजवायची?"

"मंग गुणगुणा. गुणगुणाले तं काई मनाई नाई."

आता शहाणी मुलगी असती तर रेडिओ ठेवून निघून गेली असती. ही बया डोळे मिटून गुणगुणली. डोळे उघडले तेव्हा तो तापलेली सळई हातात तशीच धरून तिच्याकडे पाहत होता, आणि ट्रान्झिस्टरमधून धूर निघत होता.

"हा पिक्चर तुम्ही कुठं पाह्यला?" त्यानं हळूच विचारलं.

"गिरडच्या यात्रेत. तंबूत."

"ज्या दिवशी हिंदी पिक्चरची पेटी मोटारीतच राहून गेली, अन् मालकानं हा घोड्यावाल्याचा इंग्रजी पिक्चर लावून देल्ला... तो दिवस?"

"हो," जयवंता म्हणाली. "तुम्हाले कसं माहीत?"

"मी बी तिथंच होतो ना."

झालं. मग काय, अर्धा तास रेडिओची कुणाला आठवणच राहिली नाही. त्या सिनेमातलं कुणालाच एक अक्षर कळलं नव्हतं. पण ते लाल, उघडेबोडके, एकेकटे उभे असलेले डोंगर... ते क्षितिजापर्यंत पसरलेलं रान, आणि त्यातून येणारा एक ठिपका, जो वाढत वाढत घोडा होतो... रूपरावाला, म्हणजे या दुकानदाराला, सगळं फोटो काढल्यासारखं आठवत होतं. जयवंताला गाणं-बजावणं आठवत होतं. आधी शीळ, मग तोंडानं वाजवायचा बाजा, मग लांबवर घंटेचा एकच टोल, आणि मग पन्नासेक पुरुष एकदम घशातल्या घशात गायला लागतात ते.

"माणसायच्या बाजूले एवढा कल्ला होता," रूपराव म्हणाला, "बाजा आमच्यापर्यंत अर्धामुर्धाच आला. तुमच्याइकडं भोंगा होता वाट्टे."

"आमच्या डोक्यावरच बांधला होता. मले तं वाटलं, एवढी जमीन अन् एका जागी कापसाची पऱ्हाटी नाई. हे लोक खातात काय?"

तो इतका खळखळून हसला की शेजारचा चहावाला हिरालाल डोकावून गेला.

भांडण सुरू झालं ते निघताना. जयवंता म्हणाली, शेवटी तो डाव्या हातानं पिस्तूल काढतो, ते तिला फार आवडलं. कारण ती स्वतः डावखुरी.

"उजव्या," रूपराव म्हणाला.

"डाव्या."

"अवो बाई, उजव्या. अन् मंग घोडा डावीकडच्या सुळक्यामांगं जाते."

"घोडा उजवीकडं जाते. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मी काय हिरालालच्या डोळ्यानं पाह्यलं?" तो म्हणाला. "परवा या. रेडिओ बी होईल, याचा निकाल बी लावू."

परवा रेडिओ झाला नाही. निकालही लागला नाही. आठ दिवसांनी रेडिओ दुरुस्त झाला, तो स्वतः सायकलवरून मावशीकडे पोचवून आला. त्या वेळी जयवंता शाळेत होती. त्यानंतर खरं तर तिला त्या दुकानात जायचं काही कारण उरलं नव्हतं. पण कारणाचं काय, काढलं की निघतं. शाळेच्या भोंग्याची वायर, बॅटरीचे सेल, मावशीच्या इस्त्रीचं बटण... आणि दर वेळी तेच, उजवा की डावा, घोडा इकडे की तिकडे. भांडताना तो पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर डोंगर काढून दाखवायचा, आणि ती रबर मागून घेऊन सगळे खोडून दुसऱ्या बाजूला काढायची.

एक होतं. तिच्या लक्षात आलं होतं की पहिल्या आठवड्यानंतर तो पहिल्यासारखा तावातावानं भांडत नाही. "असन बावा, डावा असन," असं म्हणून गालातल्या गालात हसतो. मग परत म्हणतो, "पण एकदा पुन्हा सांगा बरं, कसं काढते तो?" असं का, ते तिला उमगेना.

आणि हा माणूस दुसरं काही बोलतच नव्हता. एकदा तिच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता. त्याचा हात वर आला... अगदी कानाजवळ आला... आणि तिथंच थांबला. "कापूस," तो म्हणाला, आणि हात मागं घेऊन पेचकस शोधायला लागला. पेचकस समोरच होता. आता याचा अर्थ काय घ्यायचा? आवडत असेल तर काढावा ना कापूस. नसेल आवडत तर हात तरी कशाला उचलावा? आठ दिवस जयवंताचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. तिनं तिसरीच्या मुलांना एकच पाढा तीनदा म्हणायला लावला.

शेवटच्या प्रसंगावरून तर त्यांचं फारच वाजलं. सिनेमात एक बाई दारात उभी राहते, आणि तो घोड्यावर बसून काही न बोलता निघून जातो.

"त्यानं बरोबर केलं," रूपराव म्हणाला. "त्याच्यापाशी होतं काय? एक घोडा. घर नाई, दार नाई. काय सांगन तो तिले?"

"तुमच्यापाशी तं घोडा बी नाई," जयवंता म्हणाली.

"तेच तं," तो म्हणाला आणि ट्रान्झिस्टरमध्ये डोकं खुपसून बसला. तिला वाईट वाटलं. का वाटलं ते मात्र कळलं नाही.

आणि अशात वडिलांचं कार्ड आलं. किसनराव कमी लिहायचे. रविवारी सकाळच्या मोटारीनं येतो, चार वाजता हिंगणघाटचे पाहुणे येतील, मुलगा बँकेत आहे, माणसं चांगली आहेत, पोरीनं त्या दिवशी शाळेचं काही काम काढू नये. बस, एवढंच.

जयवंतानं कार्ड चारदा वाचलं. बापाच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. पाहुणे आले, त्यांनी पसंत केलं, की झालंच ते लग्न. आणि नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं? एका माणसाचा हात कानापर्यंत आला होता आणि परत गेला, हे काय बापाला सांगायचं कारण झालं?

शनिवारी दुपारी मावशी पाहुण्यांसाठी चिवडा परतत होती. जयवंता शेंगदाणे निवडता निवडता पुटपुटली, "डावाच होता. उजवा कसा असन..."

"कोणता डावा वं?" विमलाबाईंनी विचारलं.

मावशीही त्या दिवशी तंबूत होती. तिनंच तर जयवंताला मांडीवर घेऊन बसवलं होतं. जयवंतानं सगळं भांडण सांगितलं, तशी मावशी झारा हातात धरून हसतच सुटली.

"अवं येडे, यात्रेच्या तंबूत बायाईले पडद्याच्या मांगं बसवत! मधात पडदा, तिकून माणसं, इकून आपण. आपल्याले सारं उलटंच दिसे. आदल्या दिवशीच्या हिंदी पिक्चरात साऱ्या बायायचा पदर उलट्या खांद्यावर होता, मले तवाच समजलं. तू लहान होती, तुले काय कळते."

जयवंताचा हात शेंगदाण्यांत तसाच राहिला. बायकांची बाजू म्हणजे बायकांची बाजू. पडद्याला दुसरी बाजू असते आणि तिकडून जग सुलटं दिसतं, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मंग मावशी, तू मले सांगतलं काऊन नाई?"

"तू विचारलं का मले? तुह्या त्या रेडिओवाल्यानं विचारलं, त्याले सांगतलं. रेडिओ घेऊन आल्ता तवाच. बाया कुठं बसल्या होत्या म्हणे, मशीन कोणीकडं होती म्हणे. लय चौकशा करून राह्यला होता."

म्हणजे त्याला माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं, आणि तो डोंगर काढत बसला होता. जयवंतानं सुपडं खाली ठेवलं आणि चप्पल पायात सरकवली. रस्ताभर तिला कळेना की आपण रडतो आहोत की चिडलो आहोत. कापसाच्या बंडीखाली येता येता वाचली.

दुकानात तो एकटाच होता. "तुम्हाले माहीत होतं," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

"पडद्याचं."

त्यानं सळई खाली ठेवली. मग म्हणाला, "हो."

"दोन महिने तुम्ही माही मजा पाहून राह्यले होते?"

"मजा नाई..." तो अडखळला. "सांगतलं असतं तं भांडण मिटलं असतं. अन् भांडण मिटलं असतं तं... तुम्ही कायले आल्या असत्या इथं?"

जयवंतानं मोठं तोंडसुख घ्यायची तयारी केली होती. रस्त्यानं एकेक वाक्य जुळवत आली होती. त्यातलं एक आठवेल तर शपथ. रागाचं कुठं काय झालं कोण जाणे. भलतंच बोलून गेली.

"उद्या हिंगणघाटचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले. मुलगा बँकेत आहे."

रूपरावाचा चेहरा उतरला. तरी तो मान हलवत म्हणाला, "बँकेत आहे तं... चांगलं आहे मंग."

"चांगलं आहे?" आता मात्र राग परत आला, आणि चांगला जोरात आला. "तुम्ही त्या घोड्यावाल्याहून सवाई निघाले. तो जाते, अन् ती बिचारी दारात उभी. अवो, निदान विचाराव तं तिले! माह्यापाशी काई नाई, तरी येतं का म्हणून. येतो म्हणाव का नाई म्हणाव, ते तिनं ठरवलं असतं. तिच्या वतीनं यानंच नाई ठरवून टाकलं, अन् मोठा साधू होऊन चालला निघून."

रूपराव उभा राहिला. "अन् विचारलं असतं तं... ती हो म्हणली असती?"

"विचारल्याबिगर कोणी काई सांगत नसते."

बाहेर बंडीवाले बैलांना हाकारत होते. हिरालालच्या टपरीवर चहाचा वास सुटला होता. रूपरावानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. घसा खाकरला. "मी म्हणतो... म्हणजे तुम्हाले... म्हणजे जागा भाड्याची आहे ही. दोन खोल्या मांगं आहेत. त्या बी भाड्याच्याच..." आणि मग एकदम, दम लागल्यासारखा, "माह्यासंगं लगन करता का?"

"हो," जयवंता म्हणाली.

आणि पळाली. तो काय म्हणाला, त्याचं तोंड कसं झालं, तिनं काही पाहिलं नाही. अर्ध्या रस्त्यावर तिला कळलं की आपण बोरगावच्या उलट्या दिशेनं चाललो आहोत.

रविवारी ती घरी थांबलीच नाही. सकाळीच बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. किसनराव मोटारीतून उतरले. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. पोरीला पाहून चकित झाले.

"तू काऊन आली इथं? घरी काई झालं का?"

"बाबा," ती म्हणाली, "पाहुण्याइले येऊ नका म्हणा."

किसनरावांनी पिशवी खाली ठेवली. रागावले नाहीत, पण त्यांना बसायला जागा हवीशी वाटली. बाकावर बसून त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"रूपराव. रेडिओ दुरुस्त करतात."

"आडनाव?"

दुकानाच्या पाटीवर नुसतं रूपराव होतं.

"गाव कोणतं?"

तिला माहीत नव्हतं.

"बाप काय करते त्याचा? वावर किती? भाऊ, बहिणी?"

हे तिला कसं माहीत असणार? दोन महिने ती दोघं लाल डोंगर आणि बाजा सोडून दुसरं काही बोललीच नव्हती. तिचे डोळे भरून आले. हिंगणघाटच्या मुलाचं सगळं ठाऊक होतं, पगारासकट. आणि ज्याला हो म्हणून आलो त्याचं आडनाव माहीत नाही. बाप आता येडी म्हणेल, आणि त्यात त्याची काय चूक?

"मंग तुले माहीत तरी काय आहे, माय?" किसनराव म्हणाले.

"त्यानं मले विचारलं, बाबा," जयवंता म्हणाली. "बाकी कोणीच नाई विचारलं."

चार वाजता येणाऱ्या माणसांना किसनरावांनी शब्द दिला होता. तो परत घ्यायला स्वतःच जावं लागणार होतं, आणि दारात उभं राहून दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागणार होते. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, शेंगांची पिशवी उचलून पोरीच्या हातात दिली आणि हिंगणघाटच्या मोटारीकडे निघाले. पायरीवर पाय ठेवून मागं वळले.

"शेंगा मावशीले देजो. अन् मी संध्याकाळी येतो, तवापर्यंत त्याचं आडनाव विचारून ठेवजो."