भिंतीकडच्या फांदीवरचा तारा

तो पहिल्यांदा आमच्या चष्म्याच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या काचांवर मैदा होता आणि एक काडी पार वाकलेली.

"भट्टीत डोकं घालून पाव काढता का तुम्ही?" मी विचारलं.

"डोकं नाही हो, चष्माच पुढे जातो. माझ्यापेक्षा उत्साही आहे."

मी काडी गरम करून सरळ केली, चष्मा त्याच्या कानांवर बसवला. "आता दिसतंय नीट?"

"आता... जरा जास्तच दिसतंय," माझ्याकडे बघत तो म्हणाला.

दिवसभर लोकांचे कान हाताळणारी मी, पण त्या दिवशी माझेच कान तापले. चार दिवसांनी पुन्हा तीच काडी वाकलेली. मग पुन्हा. कोपऱ्यावरच्या बेकरीतला हा माणूस चक्क आमच्याच चर्चचा निघाला. रविवारी सकाळी भट्टीपाशी असायचा, म्हणून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"तू चष्मा मुद्दाम वाकवतोस," तिसऱ्या खेपेला मी म्हणाले. अहो-जाहो एव्हाना संपलं होतं.

"मुद्दाम कुठे? नाइलाज आहे. धड चष्मा घेऊन इथे काय सांगू?" मग त्याने सहज विचारलं, "यंदा तारा घेतलास का?"

माझा हात थबकला.

ताऱ्यांची आमच्या चर्चमध्ये जुनी रीत आहे. नाताळाआधी महिनाभर दाराशी एक झाड उभं असतं. ज्याला मदत हवी त्याने कागदी ताऱ्यावर गरज लिहायची आणि नाव न घालता तो झाडाला अडकवायचा. पत्ता फक्त पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, ठाऊक. बाकीच्यांनी डोळे मिटून एकेक तारा काढायचा. हाती आला तो आपला — बदलायचा नाही.

मी बदलला होता.

माझ्या ताऱ्यावर लिहिलं होतं, 'नाताळापर्यंत दर रविवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांना चर्चला आणायचं आहे. हळू चालतात. फार बोलतात.' रविवारी उपासनेआधी आमच्या क्वायरची तालीम. सहा वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर यंदा कुठे नाताळच्या सकाळचं एकटीचं गाणं मला मिळालं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं... आणि तारा परत लावला. पुन्हा माझ्याच हाती यायला नको म्हणून पार भिंतीकडच्या फांदीवर. दुसरा काढला तर त्यावर 'लोकरीचे मोजे, मोठ्या मापाचे'. ते मी विकत आणून देऊनही टाकले.

"घेतला की," मी म्हणाले. "मोजे होते. स्वतः विणले." या थापेची काही गरज नव्हती. पण त्याच्या डोळ्यांत कौतुक बघायचं होतं ना!

"तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं," तो म्हणाला. हवं ते मिळालं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा तो पुन्हा आला. चष्मा धड होता, चेहरा नव्हता.

"आमच्या बाबांसाठी मी तारा लावला होता. कुणी घेतलाच नाही. तीन रविवार कोट घालून तयार बसले. दुपारी मी घरी गेलो की म्हणतात, 'त्यांना काही काम निघालं असेल.' कोणाला, ते त्यांनाही माहीत नाही!" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मला सकाळी भट्टी सोडता येत नाही. नाताळला तर नाहीच."

"फार बोलतात का बाबा?" माझ्या तोंडून निसटलं.

"तुला कसं कळलं?"

"म्हातारी माणसं... बोलतातच."

आणखी एक थाप. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तालमीत प्रभूच्या नम्रतेचं ते गाणं गाताना मला माझाच आवाज ऐकवेना. "मावशी, नाताळला मला उशीर होईल. गाणं दुसऱ्या कुणाला द्या."

"सहा वर्षं माझं डोकं खाल्लंस की गं!" क्वायरला शिकवणाऱ्या मावशी म्हणाल्या. मी खाली मान घालून पाळकांकडे पत्ता मागायला गेले.

नाताळच्या सकाळी दार उघडलं ते बाबांनीच. कोटाची सगळी बटणं लावलेली. "आलीस? मला वाटलंच होतं, काम संपलं की येशील."

पंधरा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला तास लागला. दर वळणावर थांबून ते गोष्ट सांगत. दुसऱ्या वळणावर मीच त्यांचं बोलणं तोडलं. "बाबा, तुमचा तारा माझ्याच हाती आला होता. मी परत लावला. कुणाला दिसू नये असा."

बाबा काठी टेकत पुढे निघाले. मग म्हणाले, "हात घट्ट धर. इथे फरशी उखडलीये."

आम्ही पोचलो तेव्हा गाणं संपत आलं होतं. क्वायरच्या मागच्या रांगेतली एक शिक्षिका गात होती, माझ्यापेक्षा बरंच चांगलं. ते सलत होतं, खोटं कशाला बोलू?

उपासना संपता संपता तो भट्टी कशीबशी आवरून धापा टाकत आला, एप्रन तसाच. बाबांना बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"तू आणलंस? तू..."

"आधी ऐक," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. तारा, भिंत, विकतचे मोजेसुद्धा.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. "तीन रविवार," तो म्हणाला. "त्यांची बटणं लावून मी निघायचो."

"हो."

"मला फार राग आलाय."

"येऊ दे."

"लवकर जायचा नाही तो."

"मी दर रविवारी बाबांना न्यायला येईन. तू बोलला नाहीस तरी."

त्याने एप्रन काढून त्याची घडी घातली.

"तू आवडतेस मला, पंचाईत तीच आहे," शेवटी तो म्हणाला. "नाहीतर आजच माफ करून मोकळा झालो असतो."

मला वर बघायचा धीर झाला नाही. बाबांना घरी पोचवायला आम्ही निघालो — एका बाजूला तो, एका बाजूला मी — आणि त्याने मला परत जा म्हटलं नाही.