लपवलेली विंडो

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. आता माझी पाळी. हसायचं तर खुशाल हसा, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. नाशिक, इंदिरानगर, आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

माझी आई सुधा अर्धांगवायूने सात महिने अंथरुणाला खिळली होती. आवाज अगदी क्षीण झालेला. म्हणून बाबांनी देवघरातली घंटी तिच्या उजव्या हाताशी ठेवली. काही लागलं की वाजवायची.

बाबा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, क्रियाकर्म चालवतात. ते घाटावर गेले की घरी आई आणि मी. माझी नोकरी घरूनच. बंद खोली, कानाला हेडफोन. मग आईच्या खाटेसमोर कॅमेरा लावला. त्याची विंडो माझ्या कॉम्प्युटरवर कायम उघडी असायची, घंटी वाजली की मला ऐकू यायची.

मी गेलो की आई आधी एकच विचारायची.

"मीटिंग झाली का रे, मयुर?"

मग पाणी मागायची. घशाला कोरड पडलेली असली तरी आधी हेच.

पण स्क्रीन शेअर केली की ती घंटी सगळ्यांना ऐकू जायची. एकदा आमचे मॅनेजर देवव्रत सर म्हणाले, "काय मयुरेश, आरती सुरू झाली का? प्रसाद पाठव बाबा!" सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून त्या मंगळवारी मी शहाणपणा केला. एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं. दोन बटणं दाबली की चालू प्रोग्राम टास्कबारवरून गायब होतो, त्याचा आवाजही बंद. प्रोग्राम मात्र चालूच राहतो. फक्त आपल्याला दिसत नाही.

चार वाजता क्लायंटची मीटिंग होती. मी विंडो लपवली.

पाच वाजता परत आणली...

कॅमेऱ्याच्या सूचना रांगेने दिसल्या. आवाज आढळला, चार दहा. आवाज आढळला, चार अकरा. असं चार एकतीसपर्यंत. एकूण एकोणीस वेळा.

मी धावलो. आईची मान कलंडलेली. घंटी खाली फरशीवर.

आई गेली होती.

बाबा घाटावरून धावतपळत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घंटी नाही वाजवली तिने?"

आणि मी म्हणालो, "नाही बाबा. वाजलीच नाही."

सगळ्या सूचना मी तोवर पुसून टाकल्या होत्या. हो, नालायक आहे मी. म्हणा काय म्हणायचं ते.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर सात-आठ बसलेले, एकही खाली येईना. बाबांनी चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, तेच मला सांगितलं. "मयुर, मनात काही राहिलं असेल तर बोलून टाक."

"काही नाही, बाबा."

मग त्यांनीच हात जोडले. "सुधा, चुकलं माझं. घंटी तुझ्या हातापासून लांब ठेवली गं मी."

मी मान खाली घातली. कावळे तसेच बसून. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेराव्यानंतर मी कामाला बसलो. कॅमेरा काढून खोक्यात ठेवला होता. प्रोग्रामही उडवला होता.

दुपारी चार दहाला हेडफोनमध्ये...

किण्... किण्...

स्क्रीनवर काही नाही. टास्कबार कोरा. मी ते लपवायचं सॉफ्टवेअर उघडलं. लपवलेल्या प्रोग्रामच्या यादीत एकच नाव होतं. कॅमेऱ्याचं.

यादीतून काढलं, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. शेवटी नवा लॅपटॉप घेतला. त्यात ते सॉफ्टवेअरच नव्हतं, तरी चार दहाला घंटी वाजली. देवव्रत सरांनी विचारलं, "मयुरेश, मागे काय वाजतंय?" या वेळी कोणी हसलं नाही.

तिकडे बाबा रोज संध्याकाळी आईच्या रिकाम्या खाटेवर घंटी ठेवायचे. कधी जवळ, कधी वीतभर लांब. आणि हात पोचतो का बघायचे.

वर्षभर मी हे पाहिलं.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं. कावळा कठड्यावर येऊन थांबला. बाबांनी पुन्हा हात जोडले. "सुधा, चुकलं..."

माझ्याने ऐकवेना. "बाबा, तुमचं नाही चुकलं. घंटी वाजली होती. मीच लपवली."

सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं.

"किती वेळा वाजवली रे तिने?"

"एकोणीस."

ते कठड्याला धरून खाली बसले. कावळ्याने भाताला चोच मारली आणि उडून गेला. मी तिथेच ढसाढसा रडलो. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग ऐन रंगात होती.

चार दहा...

किण्... किण्...

या वेळी मी सगळं तसंच टाकून धावलो. क्लायंट गेला खड्ड्यात! आईच्या खोलीचं दार ढकललं. खाट रिकामी. घंटी देवघरात, जागच्या जागी. बाबा घाटावर.

"आई, आलोय मी. काय हवंय? पाणी देऊ?"

काहीच नाही. पंखाही बंद होता.

मग मागून, माझ्या खोलीतून, टेबलावर टाकलेल्या हेडफोनमधून तो क्षीण आवाज आला. तिथून तो इथवर ऐकू यायला नको होता. पण आला.

"तुझी मीटिंग होऊ दे आधी... मी थांबते."

आता रोज चारला मी तिच्या खाटेजवळ पाण्याचं भांडं घेऊन बसतो. चार दहाच्या मीटिंगा घेणं सोडलं आहे. मीटिंग झाली, आई, असं मोठ्याने सांगतो.

तिला ते ऐकू जात नसावं. घंटी अजून वाजते.