झुंबरबाईच्या नावाचं मीटर

चैत्र सरत आला तेव्हा निवृत्तीनाना गायधनी सकाळीच नाशिकरोडच्या बाजारात गेले आणि गच्चीला लावायला चुना घेऊन आले. लेक आरोही बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून नातीला घेऊन घरी यायची होती, आणि विहितगावातलं नानांचं स्लॅबचं घर दुपारी नुसतं भाजून निघायचं. गच्ची पांढरी असली की ऊन टिकत नाही, खालची खोली निवते, एसीला कमी राबावं लागतं, हे नानांनी दुकानदाराला चुना घेता घेता समजावून सांगितलं. दुकानदाराने विचारलं नव्हतं. पण वीजबिल कसं कमी करावं या विषयावर नाना कुणी विचारायची वाट बघत नसत.

गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. एसी सव्वीसवर ठेवा आणि सोबत पंखा लावा, एसीची जाळी धूत जा, फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढा, टीव्ही रिमोटने नाही तर बटणाने बंद करा. त्यात खोटं काही नव्हतं. लोकांना खरोखर फायदा व्हायचा आणि नानांची कॉलर ताठ राहायची. त्यांचं खरं शहाणपण मात्र वेगळंच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

युनिटं शंभराच्या आत राहिली तर दर कमी, वर गेली की चढा, हे घरोघरी ठाऊक असतं. पण एकाच घरात दुसरी चूल आणि दुसरा दरवाजा दाखवला की दुसरं मीटर मिळतं, आणि वापर दोन मीटरांवर वाटला की दोन्हीकडे दर खालचाच लागतो. नानांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. तिथे झुंबरबाई भाड्याने राहायची. सुरगाण्याकडच्या डोंगरातली, उतारवयातली एकटी बाई, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायची. नानांनी दुसरं मीटर तिच्या नावाने घेतलं. अंगठा देताना बाई हरखून गेली होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या नावाची एखादी वस्तू भिंतीवर लागत होती. जाता येता ती जिन्याखाली थांबायची, मीटरच्या पेटीला हात लावायची आणि तो हात कपाळाला टेकवायची.

त्या मीटरवर नानांनी आपल्या झोपायच्या खोलीचा एसी जोडला.

बाईला वर एक दिवा आणि एक पंखा मिळाला, तोही नानांच्या मर्जीने. तिच्या मीटरचा आकडा शंभराकडे सरकायला लागला की नाना जिन्याखालच्या फळीवरचा वरच्या खोलीचा खटका दुपारी बंद करायचे. बाई दिवसभर कामावर असते, पंखा कुणासाठी फिरवायचा, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी मे महिन्यात द्राक्षाचा हंगाम संपला, बाई घरी राहायला लागली, तरी खटका बंदच होत राहिला. ती लुगडं ओलं करून अंगावर घ्यायची आणि फरशीवर पडून राहायची. एका दुपारी कठड्याला धरून धरून ती खाली आली. एसीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतला गारवा तिच्या पायांपर्यंत येत होता.

"नाना, वारा सोड ना," ती म्हणाली. "मीटर माना आहा."

मीटर माझं आहे, एवढंच ती म्हणत होती. नानांनी तिला संध्याकाळी सोडतो असं सांगून दार लोटून घेतलं. आतून त्यांच्या बायकोने, संध्याकाकूंनी, हे सगळं ऐकलं आणि कूस बदलली.

नानांनी शब्द पाळला. ऊन उतरल्यावर त्यांनी खटका दाबला आणि वर पंखा फिरायला लागला. तो सकाळपर्यंत फिरत राहिला, कारण बंद करायला वर कुणी जिवंत नव्हतं. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. डोंगरातून तिची माणसं आली आणि तिला घेऊन गेली. नानांनी वरच्या खोलीला कुलूप घातलं, खटका बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि मीटरवरचं नाव मात्र तसंच ठेवलं. मेलेल्या बाईच्या नावावर एसी गार वारा देत राहिला आणि हा माणूस त्या वाऱ्यात गाढ झोपत राहिला. राग येतो तो या झोपेचा.

तर नानांनी गच्ची पांढरी केली. पत्र्याच्या खोलीला मात्र त्यांनी चुना लावला नाही. तिथे कोण राहतंय आता, असं ते काकूंना म्हणाले.

आरोही आली. पोरगी दिवस भरायच्या आधीच झालेली, ओंजळीत मावेल एवढी. एवढ्याशा जिवाला उकाडा सोसत नाही, खोली तापू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मायलेकींना एसीच्या खोलीत ठेवलं. ऊन डोक्यावर आलं तसा एसी एकदम गप्प झाला. पाठोपाठ पंखा थांबला. पुढच्या खोलीतला पंखा फिरत होता म्हणून आरोहीने पोरीला तिकडे नेलं, तर तिने उंबरा ओलांडला आणि तोही थांबला. स्वयंपाकघरात तेच. शेजाऱ्यांचे कूलर खुशाल घरघरत होते. ऊन कलल्यावर सगळं आपोआप सुरू झालं, पण तोवर पोरीने दूध ओढणं सोडलं होतं आणि तिची मान पडली होती. डॉक्टरांनी औषध दिलं, रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि सकाळी घरी पाठवताना सांगितलं की आणखी एक दुपार अशी गेली तर हिची आशा धरू नका.

नानांनी वायरमन योगेशला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं, काहीच सापडलं नाही. एसीच्या खोलीची जोडणी त्याने नानांच्या मीटरवर घेतली आणि शिवाय स्वतःचा इन्व्हर्टर आणून लावला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"तिची वीजही तुम्ही दुपारीच बंद करायचात," त्या हळूच म्हणाल्या.

नाना खेकसले. वायरिंगमधल्या दोषाला भलतं वळण देऊ नका, असं काहीतरी म्हणाले. पण त्यांनी जावयाला, ललितला, फोन केला आणि मायलेकींना निफाडला घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. ललित निघाला, वाटेत गाडी पंक्चर झाली, आणि तो दारात पोचला तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या.

एसी थांबला. पंखे थांबले. इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि विझला. आरोही पोरीला घेऊन धावत गाडीत बसली. ललितने गाडीचा एसी पूर्ण सोडला, तर जाळीतून तव्यावरची वाफ यावी तसा वारा आला. शेवटी त्यांनी तिला परत घरात आणलं आणि पाण्याच्या घड्या ठेवायला घेतल्या. पोरगी तोंड उघडत होती, पण रडण्याचा आवाज बाहेर येत नव्हता.

नाना जिन्याखाली धावले. खटक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, आणि तिच्याखाली वरच्या खोलीचा खटका चालू होता. झुंबरबाईच्या मीटरचा लाल दिवा नेहमी लुकलुकायचा, तो आता सलग पेटलेला होता. गच्चीवरून आवाज येत होता... खट्, खट्, खट्... पंख्याचा.

ते वर गेले. चुन्याने पांढरी झालेली गच्ची डोळ्यांत घुसत होती. दाराला कुलूप होतं, आणि आत पंखा फिरत होता. कुलपाला हात लावताच बोटं भाजली. त्यांनी किल्ली लावून दार उघडलं आणि ओल्या लुगड्याचा, घामाचा, बंद खोलीचा वास अंगावर आला. आत कुणी नव्हतं. फरशीवर ओलं होतं, एक माणूस आडवं पडलं तर जेवढी जागा लागेल तेवढंच, आणि त्यातून वाफ निघत होती. वर पंखा सगळ्या जोराने फिरत होता आणि त्याचा वारा त्या ओलीपलीकडे कुठेही लागत नव्हता.

"झुंबरबाई..." नाना ओलीजवळ जाऊन म्हणाले. "बाई, माझं चुकलं... पोरीनं तुझं काय केलंय..."

पंखा हळू झाला. आवाज कानाशी आला नाही, खालून आला, फरशीतून.

"बस, नाना."

ते बसले. पंखा थांबला, आणि खालून काकूंची हाक आली, "अहो... आली लाईट... एसी चालू झाला..." नाना घाईने उठून दाराशी गेले. खाली एसी बंद पडल्याचा आवाज झाला आणि आरोही किंचाळली. ते मागे फिरले, ओलीशेजारी बसले, तेव्हा खाली पुन्हा गार वारा सुरू झाला. आणखी एकदा त्यांनी पाय उचलून पाहिला. तिसऱ्यांदा पाहायची त्यांची छाती झाली नाही. वरून पत्रा तापत होता, डोक्यातून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि खाली त्यांची नात दूध पीत होती.

मग रोज दुपार नानांची झाली. एकदा काकू म्हणाल्या, आज मी बसते, मीही ऐकलं होतं. त्या वर जाऊन बसल्या, पण खाली काही सुरू झालं नाही. नाना स्वतः चढून गेले तेव्हाच एसी बोलला. काकू त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या. नानांनी तो उचलला की रिकामा असायचा, आणि बाहेरून मात्र गारगार. गल्लीत बोलणं व्हायचं की नानांची काटकसर आता भलतीच वाढली, माणूस पंख्याशिवाय पत्र्याखाली ध्यानाला बसतो. नाना ऐकून घ्यायचे. त्यांचे गाल आत गेले, ओठ फुटले, कातडी हाडाला चिकटली. पोरगी मात्र बाळसं धरत होती. तिच्याकडे बघितलं की त्यांना रडू यायचं, आणि त्या माणसाला रडताना काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी मीटरवरचं नाव बदलायचा अर्ज केला. डोंगरात तिच्या माणसांकडे जाऊन आले, हात जोडले, लुगडं ठेवलं. तिच्या भावाने ते लुगडं परत त्यांच्या हातात दिलं आणि दुपार व्हायच्या आत घरी जा एवढंच सांगितलं. त्याला दुपारचं कुणी सांगितलं होतं, ते नानांनी विचारलं नाही.

बारसं झालं. पोरीचं नाव वेदिका ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ललित मायलेकींना निफाडला घेऊन गेला. गाडी वळणाआड गेली आणि नाना उंबऱ्यावर मटकन बसले. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणाले. त्या दुपारी त्यांनी पोटभर आमरस खाल्ला, एसी लावला आणि पलंगावर अंग टाकलं. एसी व्यवस्थित चालू होता. डोळा लागणार तोच फोन वाजला.

ललित होता. एकट्या त्यांच्याच घरातली वीज गेली होती. पलीकडच्या द्राक्षबागेतली मोटार चालू होती, गल्लीत सगळ्यांकडे वीज होती. वेदिका निपचित झाली होती, तिला कुठल्याही खोलीत नेलं तरी...

नाना अनवाणी जिना चढले. खोलीत शिरून त्या ओल्या जागेशेजारी बसले आणि फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे गोंधळ होता, पळापळ होती. मग पंखा फिरू लागल्याचा आवाज आला आणि आरोही हुंदका देऊन हसली.

नानांच्या छातीत कळ आली. ती गेले काही दिवस येत होती, त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. हे शरीर असं किती दुपारी टिकणार, ते त्यांना आता नेमकं कळलं. आणि आपण गेल्यावर वेदिकेची दुपार कोण सांभाळणार?

"मी मेल्यावर कोण बसेल, बाई..." त्यांनी फरशीकडे बघत विचारलं. "सांग ना... कोण बसेल..."

पत्रा उन्हाने तडतडला आणि पुन्हा शांत झाला.

"बाबा, झोपली हो वेदू," फोनवर आरोही म्हणाली. तिचा आवाज आता निवला होता. "तुमच्याजवळ कोण आलंय? म्हाताऱ्या आहेत का कुणी?"

"इथं... कुणी नाही."

"असं काय करता. केव्हाच्या बोलतायत त्या माझ्याशी. बाळाचं नाव काय ठेवलं, विचारत होत्या. मी सांगितलं. मग म्हणाल्या, आडनावासकट पूर्ण सांग, मीटरवर पूर्णच लागतं. तेही सांगितलं."

नानांनी खोलीभर नजर फिरवली. फोन कानालाच होता, पण त्यांना ना दुसऱ्या बाईचा आवाज ऐकू आला होता, ना आरोहीने नाव सांगितलेलं.